साडेपाच वर्षं वापरलेल्या हॅकिंटॉशचा रिव्ह्यू, खरं तर त्याच्या खरखरीचाच

मशीन आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटतील. प्रोसेसर इंटेल आय नाइन ९९००के, झेड३९० मदरबोर्ड, आरएक्स ५८० आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, रॅम आता ६४ जीबी (सुरुवातीला ३२ होती, त्याची गंमत पुढे येईल), सिस्टीमला एक टीबीची एनव्हीएमई डिस्क आणि सॅम्पल लायब्रऱ्यांना (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज) दोन टीबीची साधी साटा एसएसडी. २०१९ च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरनं दोन फेऱ्यांत सामान आणलं, दुसरी फेरी कूलर कॅबिनेटमध्ये मावला नाही म्हणून. सगळे मिळून सव्वा लाखाच्या आसपास गेले. तेव्हा असाच प्रोसेसर टाकलेला २७ इंची आयमॅक दोन लाखांच्या बराच वर जात होता आणि माझं काम म्हणजे डोंबिवलीत टूबीएचकेच्या मागच्या बेडरूममध्ये अभंग, बालगीतं, राज्य नाट्यला उतरणाऱ्या एखाद्या संघाचं पार्श्वसंगीत, मधूनच बिल्डरची जाहिरात. त्यातनं दोन लाख कधी सुटणार. आणि लॉजिक प्रो, म्हणजे ॲपलचं फक्त मॅकवर चालणारं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, तर हवंच होतं, हात बसलाय त्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साध्या पीसीवर मॅकओएस चालवायचं, त्याला हॅकिंटॉश म्हणतात. ओपनकोर नावाचा बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू करून देणारा प्रोग्राम असतो, तो मॅकओएसला पटवून देतो की बाबा तू खऱ्या मॅकवरच आहेस. माझं मशीन स्वतःला आयमॅक १९,१ म्हणवतं, म्हणजे २०१९ चा २७ इंची. ॲपलच्या लायसन्समध्ये हे बसत नाही, त्यात सरळ लिहिलंय की मॅकओएस आमच्याच मशीनवर टाका. सायस्टार म्हणून एक अमेरिकन कंपनी अशी मशीनं बनवून विकत होती, तिच्यावर ॲपलने कोर्टातून २००९ मध्ये कायमची मनाई आणली. ज्यांना हे खटकतं त्यांनी खरंच यात पडू नये, उगाच मन खात बसतं.

पहिलं दीड वर्ष मोजावे ही मॅकओएसची आवृत्ती आणि क्लोव्हर नावाचा जुना बूटलोडर यांवर गेलं आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण काही झालंच नाही. चालत होतं. मग २०२१ मध्ये मला बिग सर या नव्या आवृत्तीची खाज सुटली, त्यासाठी ओपनकोरवर जायचं होतं आणि हातात नाटकाचं काम होतं, म्हणून ते मी एकाकडून रिमोटने करून घेतलं. नाव घेत नाही. पैसे वाजवी घेतले, दीड तासात मशीन बूट, आवाज चालू, नेट चालू, मी खूश. त्याने दुसऱ्याच कुठल्या तरी झेड३९० बोर्डाचं तयार ईएफआय फोल्डर, म्हणजे बूटलोडर आणि त्याच्या सगळ्या सेटिंग्जचं फोल्डर, माझ्या डिस्कवर चिकटवून दिलंय, हे कळायला मला आठ महिने लागले. आणि हे लोक सर्रास करतात. ओपनकोर शिकवणाऱ्या डॉर्टानियाच्या गाइडमध्ये घसा फोडून सांगितलंय की तयार ईएफआय वापरू नका, पण गाइड वाचायला कंटाळा येतो आणि मशीन तर बूट होतंच. बूट झालं म्हणजे सगळं झालं असं आपल्याला वाटतं, ऑडिओवाल्यांचं तिथेच फसतं.

त्या आषाढीच्या आधी एका ताईंचे अभंग रेकॉर्ड करत होतो. पंचवीस-तीस ट्रॅक, त्यातले निम्मे टाळ, पखवाज आणि कोरस, म्हणजे ९९००के साठी किरकोळ. पेटीवाले काका हेडफोन लावून बसले, दोन ओळी वाजवल्या, थांबले, हेडफोन काढला आणि म्हणाले, "अहो, तुमच्या कॉम्प्युटरचा भाता फाटलाय." मी ऐकलं तर मध्येच टिक, टिक, आणि मग एक लांब चर्रर्र. पुढच्या टेकला लॉजिकने पाटीच टाकली, सिस्टीम ओव्हरलोड. ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडला तर प्रोसेसर वीस टक्क्यांच्या आसपास. आठ कोअर, सोळा थ्रेड, सगळे निवांत बसलेत आणि वर ओव्हरलोडची पाटी, म्हणजे सरकारी ऑफिसच.

त्यानंतर मी जे जे केलं ते सांगतो कारण तुम्हीही तेच करणार. रॅम वाढवली, ३२ ची ६४ केली, शून्य फरक. वर ती ३२०० ची रॅम २१३३ वरच धावत होती कारण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगाने पळवणारी सोय) चालूच केलेलं नव्हतं, ते करून पाहिलं, त्यानेही टिकटिक गेली नाही. मॅकओएस पुन्हा टाकलं. लॉजिकची प्रेफरन्सेस उडवली. मित्राचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक-हेडफोन यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणारा डबा, आणून पाहिला, तोही टिकटिकला, तेव्हा मित्र म्हणाला तूच पनवती आहेस. दुकानदाराने फोनवरच निदान केलं, पॉवर सप्लाय बदला. तो काही मी बदलला नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती.

मूळ घोळ असा की मी एकच आजार आहे असं धरून चाललो होतो. होते तीन, आणि तिघांचा आवाज कानाला सारखाच.

आधी हे समजून घ्या की ऑडिओला प्रोसेसर किती ताकदवान आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, तो वेळेवर येतो का एवढंच बघितलं जातं. बफर, म्हणजे एका खेपेला तयार होणारा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा ठेवला आणि ४४.१ किलोहर्ट्झवर काम करताय, तर दर २.९ मिलिसेकंदाला एक सम येते. त्या समेवर पुढचा तुकडा तयार पाहिजे. तबलजीची तयारी कितीही असू दे, सम हुकली की हुकली, आधीच्या नव्वद आवर्तनांचं पुण्य तिथे कामाला येत नाही. ॲक्टिव्हिटी मॉनिटर सरासरी दाखवतो, म्हणजे तो सांगतो की बुवा दिवसभरात छान वाजवले. टिक कुठे आली ते त्याला ठाऊकच नसतं.

मग एका रविवारी दुपारी शांतपणे बसलो, आणि हेच आधी करायला हवं होतं. लॉजिक बंद. क्विकटाइममध्ये तानपुऱ्याची दहा मिनिटांची फाइल इंटरफेसमधून लावली. तानपुराच का, तर तो सलग असतो, त्यात जरा जरी खोट आली तर लगेच कळते, ढोलकीत टिक लपून जाते. अर्धा-पाऊण मिनिटाने, टिक. लॉजिक चालूच नाही, प्रोसेसर झोपलेला, तरी टिक. तीच फाइल मदरबोर्डच्या मागच्या हेडफोन जॅकमधून ऐकली, दहा मिनिटं स्वच्छ. म्हणजे निदान ही एक टिक तरी लॉजिकची नाही, प्रोसेसरची नाही, ती यूएसबीच्या वाटेवर आहे. ही चाचणी फुकट आहे आणि पंधरा मिनिटांची आहे. तेवढ्यासाठी मी रॅमचे पैसे घालवले.

आता यूएसबी. मॅकओएस एका कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मानतं. झेड३९० च्या चिपसेटवर यूएसबी २ चे चौदा आणि यूएसबी ३ चे दहापर्यंत असतात, आणि वर गोम अशी की कॅबिनेटला दिसणारं एक निळं भोक मॅकओएसच्या हिशेबात दोन पोर्ट असतात, एक जुन्या वेगाचं आणि एक नव्या. म्हणजे पंधरा केव्हाच संपतात. पूर्वी एक पॅच लावून ही मर्यादा उडवता यायची, ११.३ पासून ती सोय मोडली. त्यामुळे आपल्या बोर्डाचे कुठले पंधरा ठेवायचे याचा नकाशा आपणच करायचा. माझ्याकडे दुसऱ्याच्या बोर्डाचा नकाशा होता. मागची दोन पोर्ट त्यात नव्हतीच, मेलेली होती, आणि मी ती खराब आहेत असं समजून इंटरफेस समोरच्या पॅनेलला लावला होता, तोही हबमधून, त्याच हबवर कीबोर्ड, प्लगिनचं डोंगल आणि टाइम मशीनची बॅकअप डिस्क. टाइम मशीन तासातासाला जागं होतं. मी सहा महिने म्हणत होतो की तासाभराने त्रास वाढतो, मशीन तापतं बहुतेक.

नकाशा करणं अवघड नाही, कंटाळवाणं आहे. एक यूएसबी २ चा पेन ड्राइव्ह, एक यूएसबी ३ चा, दोन्ही प्रत्येक भोकात घालून बघायचे आणि स्क्रीनवर कुठलं नाव उजळतं ते लिहून घ्यायचं. यूएसबीटूलबॉक्स वापरलं मी. मुलीच्या ड्रॉइंगच्या सामानातली मास्किंग टेप घेतली, प्रत्येक भोकाशेजारी एक तुकडा, त्यावर बॉलपेनने एचएस०३, एसएस०३ असं. पाठीला रग लागली, टेबलाखाली मान वाकडी करून दीड तास. नंतर ठरवलं की इंटरफेसच्या पोर्टाचा फक्त जुन्या वेगाचाच भाग ठेवायचा, तो यूएसबी २ चाच आहे, त्याला बाकीचं काय करायचंय, एक जागा वाचली. बोर्डावरच्या आतल्या पोर्टांना, म्हणजे ब्लूटूथ वगैरेला, प्रकार २५५ लावायचा म्हणजे ती आतली आहेत हे मॅकओएसला कळतं. इंटरफेस मागे थेट, हब नाही, शेजारच्या भोकात काही नाही. तानपुरा लावला. दहा मिनिटं. मग हट्टाने अर्धा तास. गेली. टेप अजून तशीच आहे, पिवळी पडलीये, घरच्यांना ती बघवत नाही, मी काढत नाही.

पण लॉजिकमधला चर्रर्र राहिलाच. तो दुसरा आजार. इंटेल पॉवर गॅजेट टाकून बघितलं तर प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झला खिळलेला. कामही ३.६ ला, आरामही ३.६ ला. हा प्रोसेसर गरज पडली की एका कोअरला ५ पर्यंत आणि सगळे कोअर मिळून ४.७ पर्यंत पळतो, त्यासाठीच तर पैसे मोजले होते. टर्मिनलमध्ये एक्ससीपीएमचा, म्हणजे प्रोसेसरचा वेग सांभाळणाऱ्या मॅकओएसच्या यंत्रणेचा, मोड विचारला तर उत्तर १ यायला हवं, माझ्याकडे शून्य. म्हणजे मॅकओएसला प्रोसेसरचा वेग कमीजास्त करायचा अधिकारच मिळाला नव्हता. त्या तयार ईएफआयमधली प्रोसेसरची ओळख करून देणारी फाइल, एसएसडीटी-प्लग म्हणतात तिला, माझ्या बोर्डाशी जुळत नव्हती. स्वतः बनवून घातली, बायोसमध्ये सीएफजी लॉक नावाचं कुलूप बंद केलं, रिस्टार्ट, उत्तर १. आणि आलेख असा वरखाली नाचायला लागला की मी बायकोला बोलावून दाखवला. तिने "छान" म्हटलं आणि गेली.

आता तिसरा, आणि हा हॅकिंटॉशचा नाहीच, खऱ्या मॅकवाल्यांनाही भोवतो, म्हणून जरा थांबून वाचा. लॉजिकमध्ये परफॉर्मन्स मीटर आहे, त्यावर डबल क्लिक केलं की थ्रेडवार दांड्या दिसतात. माझ्याकडे पंधरा दांड्या पोटरीएवढ्या आणि शेवटची एकटी डोक्याला लागलेली. कारण रेकॉर्डला लावलेला ट्रॅक, किंवा नुसता सिलेक्ट केलेला सॉफ्टवेअर इन्स्ट्रुमेंटचा ट्रॅकही, लॉजिक लाइव्ह धरतं, आणि त्याच्या पुढची अख्खी साखळी, त्याचे प्लगिन, तो ज्या बसमधून (अनेक ट्रॅक एकत्र नेणारी वाट) जातो ती बस, शेवटचा स्टिरिओ आउट, सगळं एकाच थ्रेडवर लादतं. मी मास्टरवर, म्हणजे त्या शेवटच्या आउटवर, लिनिअर फेज ईक्यू आणि लुकअहेडवाला लिमिटर असे जड प्लगिन लावून रेकॉर्डिंग करत होतो, कारण गायकाला "फिनिश्ड" ऐकायला बरं वाटतं. म्हणजे ताई गाताहेत तो ट्रॅक, त्याचा रिव्हर्ब आणि सगळ्या गाण्याचं मास्टरिंग, हे सगळं ओझं एकाच हमालाच्या डोक्यावर आणि बाकीचे पंधरा फलाटावर विड्या ओढताहेत.

याचे उपाय साधे आहेत. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा एक रिकामा ऑडिओ ट्रॅक बनवून तो सिलेक्ट करून ठेवायचा, मी त्याला "विठोबा" नाव दिलंय, नुसता विटेवर उभा असतो, काही करत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टरवरचं जड सामान बंद करायचं किंवा लो लेटन्सी मोड दाबायचा. मल्टिथ्रेडिंग "प्लेबॅक अँड लाइव्ह ट्रॅक्स" वर, प्रोसेस बफर रेंज लार्ज. बफर रेकॉर्डिंगला १२८, मिक्सिंगला सरळ १०२४. १०२४ म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर, आणि आत येताना एक बफर नि बाहेर जाताना एक, त्यामुळे गाताना तो लागला तर गायक तुम्हाला मारेल, पण मिक्स करताना कोणाचं काय जातंय. गायकाला स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून द्या, कॉम्प्युटरमधनं फिरवून आणूच नका. आणि जी तबल्याची किंवा स्ट्रिंग्जची जड इन्स्ट्रुमेंट्स आता बदलायची नाहीत ती फ्रीझ करा, म्हणजे त्यांचा आवाज तात्पुरता रेकॉर्ड करून ठेवा, लोकांना फ्रीझ करणं कमीपणाचं का वाटतं मला कळत नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. बोर्ड बायोसमध्ये आपणहून सगळ्या कोअरना ५ वर पळवत होतं, इंटेलच्या ४.७ च्या पलीकडे, आणि मे महिन्यात डोंबिवलीत एसी बंद करून रेकॉर्डिंग करताना, कारण माइकला एसी ऐकू येतो, प्रोसेसर ९५ अंशांना गेला. १०० च्या पुढे तो स्वतःच वेग पाडतो. ती मल्टिकोअरवाली सेटिंग बंद केली, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट नवीन लावली, आता ऐंशीच्या आत असतो आणि गाण्यात काडीचा फरक नाही. पंखे मात्र ऐकू येतात. कॅबिनेट खोलीबाहेर पॅसेजमध्ये ठेवून भिंतीतून केबल काढल्यात, सोसायटीच्या सुताराने भोक पाडताना विचारलं की गॅस लाइन आहे का.

स्पीकरमधल्या हमबद्दल, म्हणजे विजेच्या गुणगुणीबद्दल, एवढंच की स्क्रीनवर खिडकी सरकवली की स्पीकरमध्ये किर्र व्हायचं, ते खरखरीतलं नव्हतं, ते अर्थिंग आणि अनबॅलन्स्ड केबल. टीआरएसच्या बॅलन्स्ड केबल घेतल्या आणि इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग खरंच कुठे पोचतंय का ते बघून घेतलं. पोचत नव्हतं.

स्टार द्यायचेच तर २०१९ च्या हिशेबाने साडेचार, आठ महिन्यांच्या काळात एक, आणि दुरुस्तीनंतर परत चार. आता मॅकओएस व्हेंचुरावर आहे, लॉजिक ११ वर ऐंशी-नव्वद ट्रॅकचं नाटकाचं प्रोजेक्ट १२८ वर उघडतं आणि हूं की चूं करत नाही. स्लीप कधीच धड चालली नाही, बंदच करून टाकली. अपडेटचा लाल ठिपका दिसला की मी तिकडे बघत नाही, आधी दुसऱ्या डिस्कवर टाकून आठवडाभर तानपुरा ऐकतो. ईएफआयची कॉपी एका पेन ड्राइव्हमध्ये, तो कॅबिनेटच्या आत चिकटवलेला.

पण आज नवीन बनवायचं का, तर माझ्या मते नाही. ॲपलने जून २०२५ मध्ये सांगूनच टाकलंय की टाहो हे इंटेलवर चालणारं शेवटचं मॅकओएस, आणि त्यातही २०१९ चा आयमॅक नाही, म्हणजे माझ्या मशीनचं सोंग त्याच्या आधीच्या सिकोइयापर्यंतच. लॉजिक ११ मधलं स्टेम स्प्लिटर, ज्याने गाण्यातनं आवाज वेगळा काढता येतो, ते इंटेलवर येतच नाही, आणि जुन्या कॅसेटवरची भजनं साफ करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे महिन्याला दोन तरी असतात. एम४ चा मॅक मिनी २०२४ मध्ये भारतात ५९,९०० ला आला, १६ जीबी रॅमसकट. स्टोरेज २५६ जीबीच होतं, पण बाहेर एसएसडी लावली की झालं, सॅम्पल तशाही बाहेरच असतात. रॅम मात्र नंतर वाढवता येत नाही, मोठ्या ऑर्केस्ट्रल लायब्रऱ्या वापरणाऱ्यांनी २४ घ्यावी. माझ्या ६४ जीबीचं सुख तिथे नाही, पण टेबलाखाली मान वाकडी करून बसायची वेळही येत नाही.

ज्यांच्याकडे आधीच आठव्या-नवव्या-दहाव्या पिढीचं इंटेल हॅकिंटॉश आहे आणि ते खरखरतंय त्यांनी मात्र घाईने विकू नका, आधी तानपुरा लावून बघा.

आणि कृपा करून माझं ईएफआय मागू नका. बोर्डाचं मॉडेल तेच असलं तरी तुमच्या कॅबिनेटची समोरची पोर्ट वेगळ्या हेडरला असणार आणि मीच तुमचा तो रिमोटवाला होऊन बसेन. मास्किंग टेप हवी असेल तर आहे, अर्धा रोल शिल्लक आहे.